गॅदरिंगच्या आधीचे दिवस

सोमवार, २ डिसेंबर २०२४

यंदा कारखान्यांचं गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं, त्यात २० तारखेला विधानसभेचं मतदान. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या मत देऊनच निघाल्या. एरवी दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा ओढ्याकडच्या माळावर त्यांच्या कोप्या दिसायला लागलेल्या असतात. या वर्षी पहिल्या ताट्या गेल्या आठवड्यात रोवल्या गेल्या.

आज परिपाठात प्रतिज्ञा चालू असताना फाटकाशी पाच-सहा पोरं येऊन थांबली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पोचवायला आलं नव्हतं. आईबाप पहाटे चारलाच फडात गेलेले. सगळ्यात पुढे नऊ-दहा वर्षांची मुलगी, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. "या की आत," म्हटल्यावर तिनं आधी कडेवरच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्याला बी आणू का?"

दोघांजवळ त्यांच्या गावच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेलं. बाकीच्यांजवळ कागद म्हणून काही नाही. मुख्याध्यापक सरांनी हजेरीपट काढला आणि वयाप्रमाणे वर्गात नावं लिहून घेतली. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. सरांना ते कलम पाठ आहे, आणि ते वागतातही तसंच.

ती मुलगी चौथीत, माझ्या वर्गात. भाऊ तिच्या मांडीवर. दुसऱ्या तासाला तो रडायला लागला तशी ती उठून बाहेर गेली आणि व्हरांड्यातून, खिडकीतून फळा बघत राहिली. मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या मावशींनी बाळाला उचलून नेलं, म्हणून दुपारनंतर तरी तिला हात मोकळे मिळाले. पण मावशींना रोज कसं जमणार? काहीतरी ठरवायला हवं.

गुरुवार, ५ डिसेंबर

बाळाचा प्रश्न सुटला. शाळेच्या भिंतीला भिंत लागून ज्या आजी राहतात, त्या स्वतः आल्या. "माझी नातवंडं पुण्यात. मला दिवसभर काय काम हाय? द्या हिकडं." अंगणवाडीच्या ताईंनीही बाळाचं नाव नोंदवून घेतलं, तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, तो आता त्यालाही मिळेल.

पट वाढला की पातेलं वाढतं. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य धरलेलं असतं. आज मटकीची उसळ-भात. कोपीवरच्या दोघा भावांनी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा मावशींनी काही न बोलता डाव भरून वाढला. सकाळी त्यांच्या पोटात काय गेलं असेल, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

शाळा व्यवस्थापन समितीची सभा. कायद्यानं समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या बायका. आमच्याकडे बायका नुसत्या सहीला येत नाहीत, बोलतात. त्यामुळे सभा लांबते, आणि ती लांबावीच.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, ८ ला बाल आनंद बाजार, संक्रांतीनंतर आयांचा तिळगूळ, २६ ची प्रभातफेरी. हे विषय भराभर झाले. २५ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी सातला स्नेहसंमेलन, इथवरही सगळे एकमत. मग नाचांची यादी निघाली आणि ड्रेपरीचा हिशेब. पोशाख भाड्यानं आणायचे आणि ज्याच्या त्याच्या पालकांनी पैसे भरायचे, अशी आमच्याकडची पद्धत. मी विचारलं, कोपीवरच्या मुलांचं काय?

एक आई म्हणाली, "बाई, ती पोरं तवर असतील तर न्हवं? टोळी हलली की नाच मोडला. मग आमच्या पोरास्नी आयत्या वेळी कुणासंगं उभं करायचं?"

तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, आणि म्हणणंही खरं होतं. गेल्या वर्षी जानेवारीतच एक टोळी रातोरात दुसऱ्या गटात गेली. सकाळी वर्गात चार जागा रिकाम्या. दुसरे एक सदस्य म्हणाले, "त्यांना बघायला बोलवू की. पार पुढं बसवू."

पुढं बसवणं हा मान आहे, पण तो पाहुण्याचा. मुलं हजेरीपट वाचत नाहीत. गॅदरिंगला स्टेजवर कोण चढलं आणि खाली सतरंजीवर कोण बसलं, यावरून त्यांना कळतं शाळा कुणाची ते. मी हे सभेत असंच्या असं बोलले. थोडं तावातावानं बोलले असेन, पण या बाबतीत मला हळू बोलता येत नाही.

वाट काढली ती समितीच्या अध्यक्षांनी. कपाटात लेझमा पडून आहेत, वर्ष-दोन वर्षं कुणी हात लावलेला नाही. लेझमीला ड्रेपरी लागत नाही, गणवेश चालतो. जोड्या ठरलेल्या नसतात. चार मुलं गेली तर ओळ सरकून भरते, चार आली तर लांब होते. पहिली ते चौथी, जेवढी असतील तेवढी सगळी. "हलगी मी वाजवतो," अध्यक्ष म्हणाले. मघाच्याच आईनं आखूड झालेले जुने गणवेश घरोघरी गोळा करायचं काम अंगावर घेतलं.

आणखी एक ठरलं. टोळीतले पालक दुपारी दोनच्या सभेला येऊ शकत नाहीत, तेव्हा सभा त्यांच्याकडे न्यायची.

गुरुवार, १९ डिसेंबर

रात्री आठला आम्ही चौघं माळावर गेलो. अध्यक्ष, समितीतल्या दोघी आणि मी. थंडी चांगलीच होती. कोप्या म्हणजे बांबूच्या ताट्या कमानीसारख्या वाकवून वर ताडपत्री टाकलेली. आत वाकून जायचं. आत एक ट्रंक, धान्याची पोती, दोरीवर कपडे. चुली बाहेर. बायका नुकत्याच परतल्या होत्या. दिवसभर तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन, फळीवरून ट्रॉलीत चढवून आलेल्या, आणि आता बाजरीच्या भाकरी थापत होत्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल जोडीच्या नावावर असते आणि फिटेपर्यंत दोघांनाही मागे हटता येत नाही.

आम्ही चुलीजवळच बसलो. माझ्या वर्गातल्या मुलीची आई भाकरी परततच म्हणाली, "आम्ही पहाटं जातो. लेकरू उठलं का, जेवलं का, आम्हाला अंधार पडल्यावरच कळतंय. तुम्ही बाळाला सांभाळायला लागलात तवापासून पोरगी रोज शाळंचं सांगती." मी गॅदरिंगची तारीख सांगितली. तिनं तवा उतरवला. "मव्ही लेक लेझीम खेळणार अन् मी मोळ्या वाहू का त्या वक्ताला?"

टोळीच्या मुकादमांनी अडचण सांगितली. सातला भरणी चालूच असते; गाडी भरल्याशिवाय कुणाला सोडता येत नाही. खोटं बोलत नव्हते. कारखान्याची गव्हाण रात्रंदिवस चालते.

आम्ही नेलेली लेझीम एका तरुण बापानं हातात घेतली. सातवीपर्यंत तो त्यांच्या गावच्या शाळेत शिकलेला. कोयत्यानं घट्टे पडलेले हात, पण लेझमीची मूठ त्यानं अचूक धरली आणि उभं राहून आठ आवाज काढून दाखवले. पाय, कंबर, हात, सगळं ठेक्यात. पोरं तोंड उघडून बघत राहिली. त्याच्या पहिलीतल्या मुलानं बापाला असं कधी पाहिलेलं नसावं. लेझीम आम्ही तिथंच ठेवून आलो.

मंगळवार, २४ डिसेंबर

साने गुरुजींच्या जन्माला आज १२५ वर्षं झाली. शेवटचे दोन तास गोष्टींचे. कोपीवरच्या मुलांना गोष्टी पुष्कळ येतात, आणि सांगतात अंगावर काटा येईल अशा. रात्री उजेड नसतो, मोबाइलचं चार्जिंग संपलेलं असतं, मग म्हाताऱ्या गोष्टी सांगतात. आमच्या गावातल्या मुलांचं गोष्टी सांगणं कमी झालंय, हे आज ठळक दिसलं.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

सावित्रीबाईंची जयंती. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर आडवी चिरी लावलेल्या छोट्या सावित्र्या सकाळपासून आवारात फिरत होत्या. भाषणं दरवर्षीचीच: ३ जानेवारी १८३१, नायगाव, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा, १८४८, भिडे वाडा. पाठ केलेलं भाषण वाईट असतं असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा माइकसमोर उभं राहणाऱ्या मुलीला आधाराला पाठ केलेलंच लागतं.

नंतर मी मुलांना १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी आणि मजुरांसाठी सुरू केलेल्या रात्रशाळेचं सांगितलं. दिवसा ज्यांना काम सुटत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी शाळा. माझ्या चौथीतल्या त्या मुलीनं हात वर केला. "मग तिथं आई बी येत असंल?" येत असेल, मी म्हटलं, आणि ती पुढे काय विचारणार ते मला दिसत होतं.

पाहुण्या म्हणून आमच्याच शाळेतून गेलेल्या, आता अकरावीत असलेल्या दोन मुली आल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या थांबल्या. रोज संध्याकाळी सात ते आठ कोप्यांवर जाऊन मुलांचा अभ्यास घेऊ का, असं त्यांनी स्वतःहून विचारलं. आया बसल्या तर त्यांनाही सही शिकवू म्हणाल्या. सरांनी लगेच दोन बॅटरीचे दिवे दिले.

बुधवार, ८ जानेवारी

बाल आनंद बाजार. वर्षातला माझा सगळ्यात आवडता दिवस. मैदानात फक्कीनं आखलेले गाळे, प्रत्येक गाळ्यामागे सतरंजीचा तुकडा आणि पुढ्यात मांडलेला माल. मेथीच्या जुड्या, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, पेरू, भेळ, वडापाव. एकीनं आईकडून शिकून शेंगदाण्याच्या वड्या केलेल्या, आकार वेगवेगळे, पण भाव एकच. घासाघीस मनसोक्त. तिसरीतल्या एकानं सरपंचांनाही उधार दिलं नाही.

कोपीवरची मुलं काय आणतील याची मला काळजी होती. मुद्दाम काही बोलले नव्हते. साडेदहाला दोघं भाऊ सायकलला दोन्ही बाजूंनी हिरवंगार वाडं बांधून आले. उसाच्या शेंड्याची ओली वैरण. तोडलेल्या उसाचं वाडं टोळीचं असतं आणि गावातली दुभती जनावरं थंडीत त्यावरच असतात. त्यांनी पेंढ्या सोडल्या, बुंधे एका रेषेत लावून रचल्या, वर ओलं पोतं टाकलं, उन्हानं सुकू नयेत म्हणून. मग थोरला पाटी घेऊन बसला. पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. लिहिता येत नाही त्याला अजून नीट.

वाड्याचा भाव शेकड्यावर चालतो. एका आजोबांनी मुद्दाम विचारलं, "पस्तीस पेंढ्या घेतल्या तर किती?" पोरानं वर पाहिलं. शेकड्याचा भाव मनात धरला, त्याचा पाव काढला, मग दहाचे वेगळे धरले आणि मिळवून सांगितले. आजोबांनी मोबाइलवर करून पाहिलं आणि पैसे मोजून दिले. हाच मुलगा माझ्या सहकारी गुरुजींच्या वर्गात वजाबाकीच्या मांडणीला अडतो. गुरुजी तिथंच उभे होते. उद्यापासून त्याला हातचे शिकवताना पेंढ्यांचीच उदाहरणं द्यायची, असं आम्ही तिथल्या तिथं ठरवलं.

तासाभरात वाडं संपलं. दुपारी भेळवाल्या मुलीनं त्याला विचारलं, "उद्या आमच्या घरी आणतोस काय? आमची म्हस हाय." त्याला गावातलं पहिलं कायमचं गिऱ्हाईक मिळालं.

गुरुवार, १६ जानेवारी

आयांचा तिळगूळ. हळदीकुंकू म्हणायचं नाही, हे आम्ही पूर्वीच ठरवलेलं. २०२२ साली शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आमच्याही गावात त्यावर बोलणं झालं होतं. ज्या आईचा नवरा नाही तिनं मुलाच्या शाळेत मागे का बसावं? आता सगळ्याच येतात. वाण म्हणून प्रत्येकीला मुलांच्या गोष्टींचं एक पुस्तक.

या वेळी दुपारी तीनऐवजी संध्याकाळी साडेसातला ठेवलं. टोळीतल्या चौघी आल्या, हातपाय धुऊन, ठेवणीतली लुगडी नेसून. गावातल्या एकीनं सरकून जागा केली आणि विचारलं, "आज कुणाचा फड?" मग दोघी त्या फडाच्या बांधावरून बोलायला लागल्या ते पार निघेपर्यंत.

सोमवार, २० जानेवारी

ज्याची भीती होती तेच झालं. कारखान्याच्या चिटबॉयनं सांगितलं, आपल्या शिवारातला ऊस बुधवारी संपतोय. टोळी नदीपलीकडे जाणार, गुरुवारी कोप्या मोडणार. यंदा ऊसच कमी, हंगाम लवकर आटपणार अशी चर्चा आहेच.

माझी चौथीतली मुलगी लेझमीच्या पहिल्या ओळीत आहे. आज सराव संपल्यावर तिनं लेझीम कपाटात ठेवायला दिली नाही. हातातच धरून उभी राहिली. तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी अध्यक्ष, सर आणि आम्ही मुकादमांकडे गेलो. कोप्या इथून सोमवारी हलवल्या तर? गुरुवार ते शनिवार पलीकडच्या फडावर इथूनच ट्रॅक्टरनं जायचं. मुकादमांनी हिशेब केला. कोप्या मोडून पुन्हा उभ्या करण्यात कामाचा दिवस जातोच, तो गुरुवारी गेला काय नि सोमवारी गेला काय. ते तयार झाले. पण शनिवारच्या भरणीचं काय? तिथं त्यांचाही इलाज नव्हता. गाडी उभी असली की भरावी लागते.

तेव्हा ट्रॅक्टरमालक बोलला. आमच्याच शाळेत शिकलेला, त्याची मुलगी दुसरीत. "स्टेजला ट्रॉल्या लागत्यात न्हवं दरवर्षी? माझ्या दोन घ्या. शनिवारी दुपारी चारला शाळंत लावतो. ट्रॉल्या स्टेजला असल्यावर भरणार कशात?" म्हणजे त्याची एक खेप बुडणार. मुकादमांनी दोनदा विचारून खात्री केली. तो म्हणाला, पोरीचं गॅदरिंग वर्षातनं एकदाच असतं.

गुरुवार, २३ जानेवारी

आज कार्यक्रमपत्रिका लिहून छपाईला दिली. लेझीम दुसऱ्या क्रमांकावर, स्वागतगीतानंतर लगेच. लहान मुलांना झोप यायच्या आत आणि थकून आलेल्या आयांचे डोळे मिटायच्या आत. नावं आडनावांच्या क्रमानं, वर्गवार. गावाचा उल्लेख कुणाच्याच नावापुढे नाही.

प्रभातफेरीचा रस्ता सरांनी बदलला. चावडीवरून मारुतीच्या देवळाकडे वळण्याऐवजी २६ ला सकाळी फेरी आधी माळावर जाईल. तिथून ओढ्याच्या पुलावरून परत. घोषणांचा सराव पहिलीच्या मुलांनी आजच सुरू केला, कारण त्यांना वाट बघवत नाही.

गणवेश पुरले. एकाला पँट ढगळ होत होती, ती सभेत ड्रेपरीवरून बोललेल्या आईनंच आत घालून आणली. टोळीतला तो तरुण बाप हलगीला साथ म्हणून ताशा वाजवणार आहे. शाळेचा ताशा काल रात्री त्याच्याकडे पोचवला. बाळाला स्टेजमागे आजी घेऊन बसतील. अकरावीतल्या दोघी मुलं रांगेत सोडायच्या कामावर. देवळातल्या सतरंज्या, मंडपवाल्याचा माइक, ग्रामपंचायतीचे दिवे, सगळं ठरलं.

मार्चमध्ये ही मुलं परत जातील तेव्हा त्यांना नीट दाखला, गुणपत्रक आणि हमी कार्डावर सही द्यायची आहे. त्या मुलीच्या गावच्या गुरुजींशी मी आज फोनवर बोलले. तिला भागाकार कुठवर आला, वाचन किती सुधारलं, हे सांगितलं. ती लेझमीच्या पहिल्या ओळीत आहे, हेही सांगितलं. त्यांनी व्हिडिओ मागवलाय.

आता राहिल्या ट्रॉल्या. रात्री साडेनऊला ट्रॅक्टरमालकाचा फोन आला. एक रिकामी होऊन परत निघाली आहे, दुसरी अजून कारखान्याच्या यार्डात रांगेत आहे. उद्या दुपारपर्यंत नंबर लागेल म्हणाला. नाही लागला तर अध्यक्षांच्या चुलत्याची ट्रॉली धुऊन ठेवायला सांगितली आहे.